रुळाचा पहारा

एकाहत्तर साली राहुरीच्या अलीकडे, एका साखर कारखान्याच्या रिकाम्या गोदामात 'होतकरू अधिकारी प्रशिक्षण केंद्र' निघालं. पाटी मोठी, गोदाम त्याहून मोठं, आणि आत आम्ही बारा होतकरू. कुणी मुकादम, कुणी गाडीतळावरचा, कुणी गाळपाचा ऊस टाकतात त्या गव्हाणीवरचा. पंधरा दिवसांत आमचे साहेब करायचे, असं वरून ठरलं होतं. बसायला पोती होती. मांडी घातली की पहिल्या दिवसापासून कीर्तनाला बसल्यासारखंच वाटायचं. समोर बुवांच्या जागी राधाकृष्ण साहेब, पुण्याचे. गळा गोड, पण मागे एकही टाळकरी नाही. त्यामुळे बिचारे लवकर दमायचे.

आमच्यात कर्जतकडचा आसाराम होता, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडचा मुकादम. माणूस सोन्यासारखा, पण पाना कुणाच्या हाती द्यायचा नाही. हाताखाली सहा जण. ते सहाही उभे राहून बघायचे आणि हा एकटा ट्रॅक्टरखाली. साहेबांनी त्याच्या कागदावर शेरा मारून ठेवला होता : 'काम सोपवता येत नाही.' तो शेरा तसाच राहिला, तर शेडचं सुपरवायझरपण त्याच्या धाकट्या मेव्हण्याला, भीमाला मिळणार होतं.

"घरात जेवायला बसलो की बायकू, रतनबाई, रोज इचारंल," आसाराम म्हणायचा, "आमच्या भीमाला आज सलाम ठोकला का?"

"मंग ठोक की," मिरजगावचा मोहियोद्दीन म्हणायचा. तो गाडीतळावरचा. "सलाम कसा झोकात करायचा ते मी शिकवतो."

दहाव्या दिवशी धडा होता 'अधिकार सोपवणे'. साहेबांनी टेबलावरचा लाकडी रूळ उचलला.

"हा रूळ म्हणजे अधिकार. ज्याच्या हातात रूळ, तो पुढारी. बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं. उसाच्या गाड्या तळावर ताटकळणार नाहीत, असा तक्ता आज तयार झाला पाहिजे."

रूळ त्यांनी आसारामच्या हातात दिला. तेवढ्यात निरोप आला, कारखान्याच्या ऑफिसात साहेबांना पुण्याहून फोन आहे. जीपकडे जाता जाता साहेब वळले.

"आसाराम, आजच्या धड्यावर तुमचा शेरा ठरणार. मी येईपर्यंत रूळ खाली ठेवायचा नाही!"

काम थांबवू नका, एवढंच त्यांच्या मनात असणार. पण हे वाक्य सप्ताहाच्या गावच्या माणसाला बोलायचं नसतं. आमच्याकडे सप्ताहात सात दिवस वीणा उभी असते, ती जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढं येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते.

आसाराम उठला. रूळ छातीशी धरला आणि डोळे मिटून उभा राहिला.

"आरं, तक्ता?" मोहियोद्दीन म्हणाला.

"रेघ मारायची तर रूळ कागदावर टेकवावा लागंल. कागद भुईवर घ्या न्हाई तर टेबलावर, रूळ खाली ठेवल्यावानीच. कसं जमायचं?"

यावर बराच विचार झाला. शेवटी पुंजाराम नावाच्या आमच्यातल्या सर्वांत रुंद गड्याला ओणवं केलं आणि कागद त्याच्या पाठीवर पसरला. रेघा आसारामच मारी, आकडे तोच घाली, रूळही त्याच्याच काखेत. आम्ही बाकीचे दहा जण बघत उभे. शेडच आली म्हणा ना तिथं.

अकरा वाजता आसारामचा चेहरा बदलला. सकाळपासून चार कप चहा झाला होता. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागला.

"पाव्हनं, दे इकडं," मोहियोद्दीन म्हणाला. "न्हाई तर अधिकार ओला हुईल."

"देऊ कसा? साहेबांनी मला दिलाय."

"तुमच्या सप्त्यात एकटाच गडी सात दिस वीना धरतो व्हय रं?"

आसाराम थबकला. मग वाकला, मोहियोद्दीनच्या पाया पडला. मोहियोद्दीनही त्याच्या पाया पडला. रूळ दिला, आणि आसाराम असा पळाला की धोतराचा सोगा मागून आला.

परत येऊन बघतो तर तक्त्यावर सगळा गाडीतळ उतरलेला. मोहियोद्दीनला एकेक बैल ओळखीचा. आसारामचा हात रुळाकडे गेला, आणि मागे आला.

"चालू दे तुजं," तो म्हणाला, आणि पहाऱ्यांची यादी करायला बसला. अर्धा अर्धा तास, ज्याला जे कळतं त्याला ते. वजनकाट्यावरच्याला काट्याची वेळ, गव्हाणीवरच्याला गव्हाणीची. एकाने हळूच नामाचा गजर धरला, बाकीच्यांनी खानावळीतली ताटं वाजवून तो उचलला. त्या आवाजानं भाकरी थापणारी मालनबाई बघायला आली.

"गाड्या भाकरीपायी तटत्यात," तिनं एका वाक्यात सांगितलं. "समदे गाडीवान एकाच टायमाला जेवाय बसत्यात."

आसारामनं तिचंही नाव यादीत घातलं.

साहेबांची जीप कालव्याजवळ बंद पडली होती. अडीचला चालत, घामाघूम होऊन आले, तर गोदामात ताटांचा गजर, मधोमध मालनबाई पिठाच्या हातात रूळ धरून उभी, आणि पुढ्यात ओणवा पुंजाराम.

"हे काय चाललंय?"

"पहारा," मालनबाई म्हणाली.

साहेबांनी पुंजारामची पाठ वरपासून खालपर्यंत वाचली. जेवणाच्या पाळ्या बघून थांबले, पुन्हा वाचल्या.

"आसाराम, हे तुम्ही केलंत?"

"न्हाई साहेब. मी निस्ती यादी केली. बाकी समदं ह्यांनी."

साहेबांनी रुळाला हात घातला. मालनबाईनं तो मागे घेतला.

"असा न्हाई. आधी पाया पडा."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. एकही हसत नव्हता. त्यांनी बूट काढले, वाकले. "माउली," म्हणत मालनबाईही वाकली, आणि रूळ साहेबांकडे आला. शेरा लिहायला त्यांनी खिशातलं पेन काढलं, रूळ टेबलावर ठेवू लागले.

"हां हां हां!" बारा तोंडं एकदम ओरडली.

साहेबांनी रूळ आसारामपुढे केला. "धरा जरा."

मेव्हण्याला सलाम ठोकायचा की नाही, ते त्या पेनात होतं. आसारामनं घाम पुसला आणि यादी पाहिली.

"साहेब, माजा पहारा तीनला हाय. आता तुमचा."

"मग मी लिहू कसं?"

"रूळ डाव्या हातात धरा. कागदाची सोय मी करतो."

आणि आसाराम पुंजारामशेजारी ओणवा झाला. साहेबांनी रूळ छातीशी धरला, त्याच्या पाठीवर त्याचाच शेऱ्याचा कागद ठेवला आणि पेन टेकवलं.

"काय लिवताय साहेब? लई गुदगुल्या हुत्यात."

"हलू नका," साहेब म्हणाले. "'नाही' खोडतोय."