डॉ. हौशा पुंजाराम यांचा शोधनिबंध

आमच्या बोरखडीत पालखी निघते ती खंडोबाची, चंपाषष्ठीला. यंदा आषाढातच आणखी एक निघाली. या पालखीत देव नव्हता, काचेची फ्रेम होती आणि फ्रेमीत एक इंग्रजी कागद. कागदाला झेंडूचा हार, वर गुलाल, पुढे हलगी, मागे डीजे. बाया दारादारातून भोयांच्या पायावर पाण्याच्या घागरी ओतत होत्या, बाप्ये नारळ फोडत होते. तो कागद वाचू शकतील अशी पाच-पंचवीस माणसं गावात नक्की आहेत. पण वाचला कुणीच नव्हता. डोकं टेकल्यावर वाचायची गरजच काय?

पालखीमागच्या उघड्या जीपमध्ये राधाकृष्ण महाराज उभे होते. गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि तिच्यात अडकलेला स्टेथोस्कोप. एका दगडात दोन पक्षी.

मारुतीच्या पारावर महाराजांनी माईक हातात घेतला. "मंडळी, मी चमत्कार करत नाही! चमत्कार करणारे भोंदू! मी सायन्स करतो, सायन्स! आपला अमृतकाढा अमेरिकेच्या मेडिकल जर्नलात छापून आला. तिथं पियर रिव्ह्यू असतो. पियर रिव्ह्यू म्हणजे काय? कागदाची अग्निपरीक्षा! सीतामाईसारखा आपला काढा त्यातनं सुखरूप बाहेर आला. आणि त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जगातलं वजन, किती? नऊ! नवग्रह किती? नऊ! आता बोला!"

यावर कोण काय बोलणार? लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी वाजवल्या नाहीत. मी मुळातच संशयी माणूस. वेशीजवळ माझं मेडिकलचं दुकान आहे. गावात कोण आजारी आहे, कोण बरं झालं आणि कोण नुसतं बरं झालो म्हणतं, हे गल्ल्यावर बसल्या बसल्या कळतं. काढा आल्यापासून बीपीच्या गोळ्या नेणारे निम्मे झाले होते. मी काही बोललो की लोक म्हणत, "अजिनाथशेठचा धंदा बसला, म्हून पोटात दुखतंय." दुखत होतंच, खोटं कशाला सांगू? पण धंद्यापेक्षा मला मोनिकाची धास्ती होती.

मोनिका म्हणजे कानिफनाथची पोरगी, नववीत शिकते. कानिफनाथ नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर कामाला आहे. पहाटे जातो तो दिवे लागल्यावर येतो. माणूस सरळ, कष्टाळू, लेकीवर जीव टाकणारा. मोनिकाला लहानपणापासून मधुमेह आहे. म्हाताऱ्यांना होतो तसला नव्हे. हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते सुईनेच द्यावं लागतं, रोज आणि जन्मभर. लेकीच्या पोटावर सुई टोचताना बापाचे हात थरथरायचे. असा बाप महाराजांना आयताच सापडला.

महाराजांनी त्याला सांगितलं, सुया फेकून दे आणि काढा सुरू कर. त्याने फेकल्या. चार महिन्यांनी मोनिकाची शुगर ठणठणीत! जर्नलात छापून आलेली 'इन्सुलिन पूर्ण बंद करून बरी झालेली ग्रामीण मुलगी' ती हीच. म्हणून तर पालखी आमच्या गावात आली होती. पारावर चेल्याने मोनिकाचं बोट टोचलं, मशिनीतला आकडा माईकवरून पुकारला आणि लोक वेडे झाले. कानिफनाथच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. आपली लेक अमेरिकेच्या पुस्तकात छापून आली, आणखी काय पाहिजे माणसाला?

मी मुक्ताबाईकडे, मोनिकाच्या आईकडे, पाहिलं. तिने मान वर केली नाही.

का, ते मला माहीत होतं. ऐन दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना ती दुकानात यायची. "भाऊ, पोरीचं औषिद द्या. ह्यांना कळू दिऊ नका. सुईचा वारा लागला तरी काढ्याचा गुन जातो म्हन्त्यात महाराज." इन्सुलिनचं पेन पदराखाली जायचं. मी तिला शब्द दिला होता.

तेवढ्यात महाराजांनी जाहीर केलं, "पोळा झाला की मोनिकाबाळाला मठात न्यायचं, एक महिना. शेवटचा कोर्स! तिथं आईबापाची भेट नाही, फोन नाही, सुई तर नाहीच नाही!"

मठात तिला चोरून सुई कोण देणार होतं?

गर्दीतून एक हात वर झाला. आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर धनश्री. अंगाने बारीक, पण आवाज खणखणीत. "महाराज, तुमच्या निबंधात रुग्ण किती होते? त्यांचं इन्सुलिन खरंच बंद होतं, हे कुणी तपासलं?"

महाराज गोड हसले. "बाई, तुमचं नाव कधी त्या जर्नलात छापून आलंय?"

"नाही."

"मग आधी छापून आणा! ऐका हो मंडळी! ज्याचं नाव त्या जर्नलात छापून येईल, त्याच्या पायाचं तीर्थ हा राधाकृष्ण सगळ्यांसमक्ष घेईल!"

टाळ्या, शिट्ट्या. डॉक्टरबाई खाली बसल्या. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या आणि सरळच म्हणाल्या, "अजिनाथराव, ती मुलगी काढ्यावर जगूच शकत नाही. तिला कुणीतरी इन्सुलिन देतंय." मी शब्दाला बांधलेला, म्हणून खोकल्याच्या बाटल्या इकडच्या तिकडे लावत राहिलो. त्यांना काय समजायचं ते समजलं. "मठात गेली तर थोड्याच दिवसांत रक्तात आम्ल साठेल, बेशुद्ध होईल. मी काल घरी जाऊन कानिफनाथांना सांगितलं. ते म्हणाले, तुमचं ऐकू का अमेरिकेचं ऐकू?"

"पण अमेरिकेनं हे छापलं कसं?" मी विचारलं.

त्यांनी मोबाईलवर त्या जर्नलचं पान उघडलं. वर जगाचा फिरता गोल, खाली 'झटपट परीक्षण, हमखास प्रसिद्धी'. मला संशय आला. हमखास तर आमच्याकडे वधुवर सूचक मंडळसुद्धा म्हणत नाही.

डॉक्टरबाईंनीही पूर्वी एक निबंध लिहिला होता, ऊसतोडीच्या फडात होणाऱ्या सर्पदंशावर. "तो मी एका चांगल्या जर्नलला पाठवला होता," त्या सांगू लागल्या. "तेही कुणालाही फुकट वाचता येतं आणि छापायची फी लेखकाकडून घेतं, हेही तसंच. त्यात वाईट काही नाही. उलट खेड्यातल्या डॉक्टरला नवं ज्ञान विकत घ्यावं लागत नाही. पण तिथल्या परीक्षकांनी मला नुसतं पिळून काढलं. रुग्णांची संमती कुठाय, हा आकडा कुठून आणला, हे वाक्य कशाच्या आधारावर? दोनदा परत पाठवला. मी रडले होते हो! आणि त्यांनी माझी एक मोठी चूक पकडली. ती तशीच छापली असती तर कुणाला तरी सर्पदंशावरच्या इंजेक्शनचा चुकीचा डोस गेला असता. फरक एवढाच आहे. तिथं कुणीतरी वाचतं."

"आणि इथं?"

"इथं वाचत नसावेत असा मला संशय आहे. बघायचं का?"

मग आम्ही दोघांनी मिळून निबंध रचला. इंग्रजी त्यांचं, खोडी माझी. विषय: घुंगुरमाळेच्या आवाजाने मधुमेह बरा होतो. लेखक: डॉ. हौशा पुंजाराम, बोरखडी. निबंधात सरळ लिहिलं की सर्व रुग्ण चार पायांचे होते, उपचाराच्या काळात त्यांना कडबा व पेंड देण्यात आली आणि दोघांनी खुंटा उपटल्यामुळे त्यांना अभ्यासातून वगळलं. शेवटी डॉक्टरबाईंनी एक वाक्य घातलं: 'परीक्षक महाशय, आपण हे वाक्य वाचत असाल तर कृपया हा निबंध नाकारावा.'

आठवडा उलटायच्या आत उत्तर आलं. आपल्या थोर संशोधनाने आमचे तज्ज्ञ परीक्षक भारावून गेले आहेत. त्यांनी शब्दन् शब्द बारकाईने तपासला आहे. दुरुस्ती काहीही नाही. फी भरा आणि लेखकाचा फोटो पाठवा.

डॉक्टरबाईंनी फी भरली. फोटो मी काढला.

पोळ्याच्या दिवशी वेशीला आंब्याचं तोरण बांधलं होतं. ट्रॅक्टर आल्यापासून गावात बैल थोडेच उरलेत, त्यामुळे त्यांचं कौतुक वाढलंय. मानाचा बैल पुंजारामचा. पांढराशुभ्र खिल्लार, शिंगं हिंगूळ लावून रंगवलेली, अंगावर आरशांची झूल. महाराज प्रमुख पाहुणे म्हणून खुर्चीवर विराजमान होते. मठाची जीप बाजूलाच उभी होती आणि तिच्यात मोनिकाची पिशवी आधीच ठेवलेली.

डॉक्टरबाईंनी माईक घेतला. "महाराज, तुमच्या जर्नलच्या ताज्या अंकात आपल्याच भागातल्या एका संशोधकाचा मधुमेहावरचा निबंध आलाय. डॉक्टर हौशा पुंजाराम. आपण ओळखता का?" असं म्हणून त्यांनी छापलेलं पहिलं पान महाराजांच्या हातात दिलं.

पोरांनी तोंडावर हात दाबले.

महाराजांनी पान वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान डोलावली. "व्वा! हौशा पुंजाराम! फार थोर माणूस. आमची जुनी ओळख आहे. ऑस्ट्रेलियाच्या परिषदेत आम्ही दोघं शेजारीशेजारी बसलो होतो."

"जेवायला काय हुतं महाराज? कडबा का पेंड?" मागून कुणीतरी ओरडलं आणि वेशीत हशाचा नुसता कल्लोळ उठला. पुंजारामने मानाचा बैल पुढे आणला. त्याच्या गळ्यात निबंधाचं दुसरं पान फ्रेम करून टांगलं होतं. त्यावर 'लेखक परिचय', आणि खाली झूल घातलेला, टिळा लावलेला हौशाचा फोटो. पोळ्याला बैलाचे पाय धुतात तसे पुंजारामने ते धुतले होतेच. पितळी तांब्या पुढे करून तो अदबीने म्हणाला, "घ्या महाराज, तीर्थ. पारावर तुमी बोलल्ता. आमच्या हौशाचं नाव छापून आलंय."

महाराजांचा चेहरा पडला. "हा... हा कट आहे! जर्नलची बदनामी!"

डॉक्टरबाईंनी ते 'नाकारावा' असं सांगणारं वाक्य मराठीत वाचून दाखवलं. "मंडळी, पैसे भरले की हे जर्नल काहीही छापतं. महाराजांचा काढाही असाच छापून आला. ना कुणी तपासला, ना कुणी वाचला. आणि हौशाचा निबंध खोटा आहे, तो काढून टाका, असं मी त्यांना आजच कळवलंय."

सगळे हसत होते. कानिफनाथ हसला नाही. तो तरातरा पुढे आला, डोळे लाल झालेले. "हसा, हसा! तुमची पोर न्हाई ना आजारी. माझ्या मोनिकाची शुगर खाली आली, ती काय बैलानं आनली व्हय?"

हसणं थांबलं. मीही खाली पाहिलं. मुक्ताबाईला शब्द दिलेला, मला खरं सांगता येत नव्हतं.

"मी आनली," मुक्ताबाई म्हणाली.

ती बायकांच्या घोळक्यातून बाहेर आली. पदर डोक्यावर घेतलेला. "सुईनं आनली. तुमी कंपनीत गेल्यावर न्हानीत देते, आन रातच्याला तुमी जेवाय बसल्यावर देते. एक दिस चुकवली न्हाई. काढा मी उकिरड्यावर वतते."

"पाहा! पाहा!" महाराज उसळले. "या बाईच्या पापामुळे काढ्याचा गुण..."

"एक मिनिट," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पालखीतल्या त्या कागदात लिहिलंय, या मुलीचं इन्सुलिन पूर्ण बंद होतं आणि आम्ही ते रोज तपासलं. कुणी तपासलं, महाराज? कधी?"

महाराज खुर्चीवरून उठले. तीर्थही त्यांनी घेतलं नाही. चेले जीपकडे सरकायला लागले.

कानिफनाथला यातलं काहीच ऐकू येत नसावं. तो लेकीकडे बघत होता. "मोने, तू तरी मला सांगायचं."

"कसं सांगनार पप्पा?" मोनिका रडत म्हणाली. "तुमी लई खूश हुता. लोकान्ला सांगत हुता, माझी पोर बरी झाली. मला वाटलं, सांगितलं की तुमी सुई बंद करताल. मला मरायचं न्हवतं."

कानिफनाथ तिथेच मातीत बसला. मग उठून जीपपाशी गेला, मोनिकाची पिशवी काढून खांद्याला अडकवली आणि डॉक्टरबाईंना म्हणाला, "म्याडम, सुई कशी देत्यात ते मला शिकवा. हात थरथरतो माझा. पन शिकवा."

महाराजांविरुद्ध तक्रार दिली आहे. बघू काय होतं ते. त्यांचा काढा शेजारच्या तालुक्यात अजून विकला जातो, असं ऐकतो. जर्नलने निबंध तर काढला नाहीच, वर 'डॉ. हौशा' यांना संपादक मंडळावर यायचं आमंत्रण पाठवलं आहे.

आता माझं सांगणं. मी औषध विकणारा माणूस आहे, म्हणून माझ्यावरही आंधळा विश्वास ठेवू नका. पूर्वी भोंदू अंगारा द्यायचा, आता इंग्रजी कागद देतो. अंगाऱ्याला हात जोडले तसे आपण कागदालाही जोडले. छापून आलं म्हणजे खरं झालं, असं होत नाही. हे कुणी तपासलं, कसं तपासलं आणि चुकलं असतं तर पकडलं कोणी असतं, एवढं विचारायचं. ज्याचं औषध खरं आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही आणि इंग्रजीही लागत नाही. म्हणून विचारत जा. घरातही विचारू देत जा, नाहीतर आपल्याच भक्तीच्या भीतीने आपलं लेकरू न्हाणीत लपून औषध घेत असेल आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसेल.