थंड्या हवेचा पाइप

मोतीरामजवळ एक कंटेसा होती. काळी, लांब बोनेटची, म्हशीसारखी ऐसपैस. अमरावतीत अशा गाड्या आता बोटावर मोजण्याइतक्या, अन् त्याही बहुतेक शेडमधी धूळ खात पडल्या. मोतीरामची मात्र चालू होती. जन्मभर त्यानं शेंदूरजनाघाटची संत्री ट्रकात भरून दूरदूर धाडली, अन् धंदा सोडला तवा सगळं विकलं, हे गाडी तेवढी ठेवली. बायको वारली, पोरगा शेखर पुण्याले. घरात बोलाले कोणी नाही.

बोलणं होये ते धम्मदीपसंग, अन् तेही गाडीत. धम्मदीप एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला मेकॅनिक. चांगला आडवातिडवा माणूस, क्विंटलाले थोडाच कमी. डाव्या सीटवर बसला का गाडी तिकडून दबे. दोघं आयतवारी चिखलदऱ्याच्या घाटात जात अन् गाडीचा जोर पाहात. संत्र्यावाल्यायची जुनी रीतच होती ते. ट्रक घ्याचा असला का माल भराचा, घाटात न्याचा अन् तिसऱ्या गेरवर चढाले सोडाचा. जिथं तो दुसरा गेर मागते, तिथवर त्याची ताकद. मशीनबिशीनची गरज नाही.

कंटेसाची खूण ठरलेली होती. पुलियावरून काटा चाळीसवर ठेवून निघाचं, मंग पाय पूर्ण दाबाचा. मोहाच्या झाडाजवळ आली का गाडी गुरगुरे अन् दुसरा मागे. दर खेपेले तिथंच.

मंग मोतीरामनं तो पाइप मागवला. इंजिनात हवा जाते तो जुना गोल डबा काढून टाकाचा, अन् त्याच्या जागी हा चमकता पाइप अन् टोकाले जाळीचा फिल्टर. बाहेरची थंडी हवा सरळ आत जाते, अन् ताकद वाढते, असं खोक्यावर लिहून होतं.

"खोक्यावर त काहीबी लिवतीन," धम्मदीप म्हणे. "गाडी खोकं वाचते काय बे?"

"तू लावून त पाय."

"मले कायले लावते? मी चाललो अकोल्याले."

ते खरं होतं. त्याची पोरगी दीक्षा अकोल्यात नोकरीले होती. बापाचा गुडघा गेलेला, एकटं राहू नका म्हणून ती न्याले आली होती. सामान गाडीत चढत होतं अन् हे दोघं पाइपावर भांडत होते. शेवटी धम्मदीपनं शर्यत लावली. "मोहाच्या पुढं गेली त फोन कर. मी अकोल्याहून येतो अन् सोताच्या डोयानं पायतो. नाही गेली त मी म्हनीन ते कराचं."

"कबूल," मोतीराम म्हणाला.

धम्मदीप गेल्यावर मोतीराम एक डाव अकोल्याले जाऊन आलता. दीक्षानं चांगलं केलं, पोहे देल्ले, जेवाचा आग्रह केला. पण फ्लॅटातल्या सोफ्यावर बसून दोघं नुसते टीव्ही पाहात राह्यले. एकाले बोलणं सुचलं नाही, दुसऱ्याले विचारणं सुचलं नाही. मोतीराम परत आला तो पुन्हा गेला नाही. धम्मदीपसंग बसाचं त गाडीतच बसाचं, हे त्यानं मनाशी धरलं. अन् त्याले येऊ देणार कोण? पोरगी गुडघ्यापायी त्याले जिना उतरू देत नव्हती. शर्यतीचं मात्र तिनं कबूल केलं होतं. "हरले त जा बाबा, शब्द देल्ला त पाळा," असं म्हणाली होती म्हणे.

पाइप बसला. हिवाळ्याच्या एका सकाळी मोतीराम एकटाच परतवाड्यावरून घाटाले लागला. पुलियावरून चाळीसवर निघाला, पाय दाबला. मोहाचं झाड आलं. गाडी गुरगुरली नाही. झाड मागं गेलं. पार वळणावरच्या गोल आरशापर्यंत गाडी तिसऱ्यावर गेली, तवा कुठं तिनं दुसरा मागितला.

मोतीरामनं गाडी बाजूले घेतली अन् फोन लावला.

"जय भीम. बोल मोत्या."

"आरशापर्यंत गेली."

मंग धम्मदीप म्हणाला, "आरशापर्यंत?"

"आरशापर्यंत. खोटं कायले सांगू?"

"मंग येतो. परवाच्या गाडीनं येतो. दीक्षे, माही बॅग काढ व, मी हरलो."

हरलेला माणूस इतका खूश मोतीरामनं पहिल्यांदाच ऐकला. त्यालेही बरं वाटलं. घरात गादी कुठं टाकाची, जेवाले काय कराचं, हे ठरवत तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. अन् समोरून पायते त गाडी सरळ उभी. डावीकडून दबलेली नाही.

तो तसाच उभा राह्यला.

जन्मभर त्यानं लोडिंग केलं. कोणत्या ट्रकात किती माल, पुढं किती, मागं किती, हे त्याले झोपेत सांगता येये. पण त्या सीटवरच्या माणसाले त्यानं कधी वजनात धरलंच नव्हतं. पाइपानं काही केलं का धम्मदीप नसल्यानं गाडी हलकी झाली, आता कसं समजाचं?

चूप राहता आलं असतं. धम्मदीप आला असता, दोन दिवस राह्यला असता. पण शर्यत असं करून जिंकाची म्हणजे माल कमी भरून पुऱ्या वजनाचे पैसे घेण्यासारखं झालं, अन् ते त्यानं उभ्या जन्मात केलं नव्हतं. तो खाली परतवाड्याले उतरला अन् एका दुकानात सरकीच्या ढेपीचं पोतं मागितलं.

"जनावरं किती हायेत काका?" दुकानदारानं विचारलं.

"एक बी नाही."

"मंग ढेप कायले?"

"बसवाले," मोतीराम म्हणाला.

डाव्या सीटवर पोतं ठेवलं. तेवढ्यानं धम्मदीप होत नव्हता. मंग फळवाल्याकडून संत्र्याचे दोन कॅरेट घेतले, एक पोत्यावर अन् एक पायाजवळ. पट्टा लावला. गाडी डावीकडून दबली, तवा त्याले मनातून पटलं का वजन बरोबर बसलं.

पुन्हा पुलिया, पुन्हा चाळीस. मोहाच्या झाडाजवळ गाडी गुरगुरली अन् तिनं दुसरा मागितला. दोन हात पुढं नाही, दोन हात मागं नाही.

त्यानं फोन लावला.

"धम्मदीप, नाही गेली. तुह्या जागी पोतं ठेवून पायलं. मोहाजवळच थांबली."

"मोत्या," धम्मदीप हळूच म्हणाला, "फोन स्पीकरवर हाये बे."

मागून दीक्षाचा आवाज आला. "मोतीकाका, म्हणजे बाबा जिंकले ना? मग आता जायचं काही काम नाही. कालच गुडघ्यातलं पाणी काढलंय डॉक्टरनं."

"नाही बाई, काम नाही," मोतीराम म्हणाला.

फोन कुठंतरी नेल्याचा आवाज आला, दार लागल्याचा आवाज आला. मंग एकटा धम्मदीप बोलाले लागला.

"तुले कोनं सांगतलं होतं पोतं ठेवाले?"

"अरे, हिशोब चुकला होता."

"मले मालूम होतं ना. तू आरसा म्हनला तवाच समजलं, का मी नाही त गाडी हलकी झाली."

"मंग येतो काहून म्हनला?"

खाली रस्त्यावरून एक एसटी चढत होती, ते गुरगुरत वर निघून गेली.

"शर्यत म्या जिंकली," शेवटी धम्मदीप म्हणाला. "मी म्हनीन ते कराचं ठरलं होतं."

"सांग." मोतीरामले वाटलं, हा आता अकोल्याले ये म्हणते. म्हटलं असतं त तो तसाच अंजनगावच्या रस्त्यानं निघाला असता, सोफा त सोफा.

"आयतवारी घाटात जात जा. अन् तिथून मले फोन कर, कुठवर गेली ते सांग."

"बस?"

"बस."

"पोतं घेऊन का बिगर पोत्याचं?"

"पोतं घेऊनच. नाही त माहं वजन कोन धरन?"

मोतीरामनं फोन खिशात टाकला अन् गाडी वळवली. उतारावर वरचं कॅरेट सरकाले लागलं. डाव्या हातानं ते धरून धरून त्यानं गाडी खाली आणली.