बेडपॅनला आलेली किळस

मी शस्त्रक्रियेच्या वॉर्डातला एक जुना बेडपॅन आहे. मुरडलंत ना नाक, मित्रांनो? खुशाल मुरडा. ज्या पत्र्यातून मी घडलो, त्याच पत्र्याची पातेली स्वयंपाकघरात मिरवतात आणि मी खाटेखाली पडून असतो. लोक मला पायाने सरकवतात. कुणी माझ्यात पचकन थुंकतं, कुणी फळांची सालं टाकतं. त्याची मला शिसारी येते. पोटातल्या घाणीची मात्र कधी आली नाही, ते माझं कामच आहे.

खरी किळस आली ती एका हेडक्लार्ककाकांच्या सभ्यपणाची. त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. अशा वेळी आतडी काही काळ झोपून जातात. दुखणं आटोक्यात राहिलं, माणूस उठून चार पावलं चालला, की ती हळूहळू जागी होतात आणि गॅस सुटू लागतो. पण सिस्टर दुखण्याचं औषध घेऊन आल्या की काका म्हणत, "छे, मला कुठे दुखतंय!" आणि सिस्टरची पाठ वळताच चादर मुठीत आवळून धरत. चालायचं तर नावच नको.

"काका, गॅस पास झाला का?" सिस्टरनी विचारलं.

शेजारी सून बसलेली. तिच्यासमोर असला विषय! काकांचे कान लाल झाले. "झाला, झाला," ते पुटपुटले.

साफ खोटं! मी खाटेखालीच होतो ना. पण त्या शब्दावर विसंबून त्यांना खायला मिळालं. संध्याकाळपर्यंत पोट तट्ट फुगलं. सुनेने घाईघाईने मलाच पुढे धरलं आणि हिरवीगार, आंबूस उलटी माझ्यात कोसळली. शी! पण त्या उलटीपेक्षा मला त्या खोट्याचाच जास्त वीट आला.

काकांच्या नाकातून नळी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, "आतडी हलली नाहीत तर पोट पुन्हा उघडावं लागेल."

सुनेचा बांध फुटला. "बाबा, लाजेपायी जीव देणार का? दोन पोरांची ढुंगणं धुतलीत मी, मला कसलं आलंय नवल?"

काकांनी चादर आवळलेली मूठ सोडली. मग बारीक आवाजात म्हणाले, "दुखतंय गं. फार दुखतंय."

सिस्टरनी लगेच सलाइनमधून औषध दिलं. दुखणं उतरल्यावर सुनेचा हात धरून काका व्हरांड्यात फिरू लागले. आणि एके दिवशी भेटायला आलेल्यांनी वॉर्ड भरलेला असताना ते मोठ्याने ओरडले, "सूनबाई, आत्ता झाला! खराखुरा झाला! सिस्टरना बोलाव!"

सून हसता हसता रडायला लागली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, एवढं तर मागतोच. पण तुमच्या घरचं कुणी असं खाटेवर असेल, तर दुखतंय म्हणायची त्याला लाज वाटू देऊ नका. मला घाण चालते हो. माणसं दुखणं गिळून हसतात ना, ते मात्र बघवत नाही.