सत्तेचाळीस पाय

शिवणकामाच्या हॉलमध्ये हातशिलाईची चौरस टेबलं बारा. प्रत्येकाला पाय चार, म्हणजे अठ्ठेचाळीस. त्यांपैकी जमिनीला टेकलेले सत्तेचाळीस. वर्षिणीने ओणवं होऊन दोनदा मोजलं. उरलेला पाय जमिनीपासून सात मिलिमीटर वर होता, आणि त्या टेबलाशी सुमित्राबाई शाळेच्या गणवेशाला काजं करत बसल्या होत्या.

वर्षिणी फिजिक्सची बी.एस्सी. कानडी मुलखातल्या हेब्बाळच्या या गणवेश कारखान्यात, सुरक्षा विभागात लागून तिला तीन आठवडे झाले होते. तिचे साहेब अनंतकृष्ण यांनी सकाळच्या फेरीत कॉफीचा पेला या टेबलावर ठेवला. टेबल कललं, कॉफी साहेबांच्या पँटवर गेली, आणि पँट बदलायच्या आधी साहेबांनी टॅबवर तक्रार भरली. दोषाच्या रकान्यात इंग्रजी विशेषणं तीन. वॉबली निवडलं तर जागेवर दुरुस्ती, रिकेटी निवडलं तर सुतार, अनस्टेबल निवडलं तर वस्तू त्याच दिवशी भंगारात. साहेबांनी अनस्टेबल निवडलं.

सुमित्राबाई बुटक्या. त्यांच्यासाठी या टेबलाचे पाय आठ सेंटिमीटर कापलेले होते. उंच टेबलावर त्यांचा खांदा तासाभरात भरून येई. टेबल गेलं की त्यांची रवानगी पॅकिंगला, हे साहेबांनी सांगूनही टाकलं होतं. भंगाराची गाडी पाच वाजता येणार होती.

"अक्का, याला आपल्यात काय म्हणायचं? हलतं?" वर्षिणीचं मराठी घरातलं, स्वयंपाकघरापुरतं.

"हलायला झाडपण हलतं. हे डुगडुगतं."

"खिळखिळं नाही?"

"खिळखिळं म्हणजे सांधे गेलेलं. ढकलून बघ, एक तरी सांधा बोलतो का. सुम्ने, उगाच, नावं ठेवू नये, पोरी."

वर्षिणीने वहीत लिहिलं: डुगडुगतं म्हणजे वॉबली, खिळखिळं म्हणजे रिकेटी. "आणि अनस्टेबल?"

"तुझे साहेब. सकाळी एक बोलतात, दुपारी एक."

तिने चारही पाय टेपने मोजले. प्रत्येक सहासष्ट पूर्णांक चार सेंटिमीटर.

"आमच्या ह्यांनी कापलेत," सुमित्राबाई मान वर न करता म्हणाल्या. "शिंप्याचं माप आहे ते, सुताराचं नव्हे."

वर्षिणी साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, अनस्टेबल म्हणजे टोकावर उभी केलेली पेन्सिल. जरा धक्का लागला की गेली. हे टेबल धक्का दिला की दुसऱ्या तीन पायांवर नीट बसतं. त्याच्या स्थिर अवस्था दोन आहेत, बाकीच्या टेबलांपेक्षा एक जास्त."

"म्हणजे ते जास्त सुरक्षित?"

"फिजिक्सप्रमाणे..."

"माझी पँट फिजिक्सप्रमाणे नव्हती."

"निदान वॉबली करा, सर."

"वॉबली कसं लिहू? ऑडिटर वाचतात. दुधाच्या दातासारखं वाटतं. अनस्टेबलला वजन आहे."

"पण दोष टेबलाचा नाहीच. पाय सारखे आहेत. जमीन उंचसखल आहे."

साहेबांना हे पटलं. त्यांनी टॅबवर 'जमीन' उघडलं. जमिनीला विशेषण एकच होतं, अनस्टेबल, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं: हॉल ताबडतोब रिकामा करावा. साहेबांनी बोट मागे घेतलं.

"जमीन ठीक आहे," ते म्हणाले. "गेल्या वर्षी मीच पास केलीय."

"मग दोन्ही ठीक आहेत. फक्त एकमेकांशी जुळत नाहीत."

"त्याला शब्द आहे का यात?"

"नाही, सर. पण टेबल डुगडुगायचं थांबलं तर?"

"तर निवारण झालं असं लिहीन. पायाखाली पुठ्ठाबिठ्ठा चालणार नाही, नियम आहे. आणि पाचच्या आत."

हॉलमध्ये परतल्यावर वर्षिणीने टेबलाची एक बाजू धरली. "अक्का, तुम्ही तिकडून धरा. आत्ता हा पाय वर आहे. जागच्या जागी पाव फेरा फिरवलं की शेजारचा वर येईल. म्हणजे मधे कुठेतरी कुणीच वर नसणार."

"नसलं तसं, तर?"

"असणारच. सिद्ध करता येतं."

"गाडी गेल्यावर सिद्ध कर. आधी फिरव."

थोडं थोडं फिरवत, दर वेळी खाली वाकून तिने मोजपट्टीने फट मोजली. सात. पाच. साडेतीन. दोन. मग मोजपट्टी आत जाईना. सुमित्राबाईंनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवून अंगचा भार टाकला. आवाज झाला नाही. त्यांनी खुर्ची फिरवून घेतली, बसल्या, आणि सुईत दोरा ओवला.

पाचला दहा कमी असताना साहेब आले. कॉफीचा पेला त्यांनी हात लांब करून टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले. कॉफी पेल्यातच राहिली. मग त्यांची नजर खाली, टेबलांच्या रांगेला आखलेल्या पिवळ्या पट्टीवर गेली. अकरा टेबलं पट्टीच्या आत सरळ उभी होती.

"हे तिरकं आहे," ते म्हणाले.

"तिरकं आहे का यादीत?" सुमित्राबाईंनी विचारलं.

साहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. नव्हतं. त्यांनी 'निवारण झालं' दाबलं आणि पेला उचलला.

वर्षिणीने वही उघडून नोंद केली. टेबल फिरवलं: एकतीस अंश. जमिनीला टेकलेले पाय: अठ्ठेचाळीस. पिवळ्या पट्टीबाहेर आलेला कोपरा: अकरा सेंटिमीटर.