आपण की आम्ही

तिला ऑफिसात सगळे वेलांटी म्हणायचे. पहिल्याच दिवशी तिने एका मुखपृष्ठावरची वेलांटी चुकीची ठरवली होती, आणि ती वेलांटी बरोबरच निघाली होती. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

लेखनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिने पुरा केला होता. तिथे सर सांगायचे, मनात येईल ते लिहा, कुणाला भिऊ नका. आणि इथे, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, खाली यंत्र सुरू झालं की पायाखालची फरशी थरथरणाऱ्या या खोलीत, मुख्य संपादक असलेल्या बाई सांगायच्या की पुस्तकात तू दिसता कामा नयेस. एका डोक्यात या दोन गोष्टी कशा ठेवायच्या, ते तिला उमगत नव्हतं. घरी तर आणखीच पंचाईत. वडील विचारायचे, दुसऱ्याच्या चुका काढायचं काम म्हणजे नेमकं काय, आणि त्यासाठी माणूस नेमायचा तर तुझ्या आत्याला कसं नाही विचारलं?

तीन महिने तिला पारखून बघायचं ठरलं होतं. अडीच सरले होते. शेवटचं पुस्तक तिने एकटीने उभं करायचं. ते बाईंना पटलं तर खिडकीजवळचं टेबल तिचं, नाहीतर रामराम.

पुस्तक एका निवृत्त घड्याळजींचं होतं. दोघा भावांनी मिळून चाळीस वर्षं चालवलेल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची हकिगत. भाषा साधी, अक्षर मोत्यासारखं, पण एका गोष्टीने वेलांटीचं डोकं उठलं. माणूस मध्येच ‘आम्ही’ म्हणायचा, मध्येच ‘आपण’. ‘दादा काटे बसवायचा, मी काच पुसायचो, आणि आम्ही नऊला दुकान उघडायचो.’ ठीक. खाली दोन ओळी सोडून, ‘त्या वर्षी पाणी शिरलं तेव्हा आपण सगळी घड्याळं डोक्यावर घेऊन उभे होतो.’ आपण कोण? वाचणारा थोडाच तिथे डोक्यावर घड्याळ घेऊन उभा होता? ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर आपण, त्याला वगळून बोलायचं तर आम्ही, एवढं तर कुणालाही कळतं.

तिने बाईंना विचारलं. बाई दुसऱ्याच कुठल्या तरी मुद्रितात मान घालून बसल्या होत्या. “एक माणूस, एक आवाज. एकसारखं कर,” एवढंच म्हणाल्या.

तिने केलं. कॉम्प्युटरला सांगितलं, आपण दिसेल तिथे आम्ही, आपल्या दिसेल तिथे आमच्या, आपलं दिसेल तिथे आमचं. दोनशे अकरा बदल, एका दमात. तिला इतकं हलकं वाटलं की पुन्हा नजर न फिरवताच तिने पानं घड्याळजींकडे पाठवून दिली.

चौथ्या दिवशी ते स्वतः आले. बुटकेसे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. जिना चढून आल्याने दम लागला होता. त्यांनी पानं तिच्यापुढे ठेवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

ओळ अशी होती: ‘लग्नानंतर दादा पहिल्यांदाच आमच्या बायकोला घेऊन दुकानात आला.’

“ताई,” ते अगदी शांतपणे म्हणाले, “वहिनी आमच्या दोघांची कधी झाली?”

पलीकडच्या टेबलावरचा हिशेबनीस इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. वेलांटीचे कान तापले. पुढच्या पानांवर आणखी होतं. गिऱ्हाइकं ‘आम्हीहून’ येत होती. शेजारचा शिंपी ‘आमचं’ नाक शिंकरत होता. तिने माफी मागितली, हे सगळं आजच पूर्ववत करते म्हणाली, आणि वर हेही समजावलं, की ‘आमच्या बायकोला’ ही तिची चूक, पण ‘आपण उभे होतो’ ही त्यांची. वाचक तिथे नव्हता ना.

“वाचक नव्हता,” घड्याळजी म्हणाले. “तो होता.”

मग जरा वेळाने, खुर्चीत बसून, त्यांनी सांगितलं. दादा याच गावात, तीन गल्ल्या सोडून राहतो. सात वर्षं बोललेला नाही. दुकान बंद झालं त्यावरून. फोन केला तर उचलत नाही.

“पण पुस्तकं वाचतो,” ते म्हणाले. “मिळेल ते वाचतो.”

वेलांटीला वाटलं, म्हणजे सगळेच आपण परत घालायचे. तसं म्हणाली तर ते गोंधळले. सगळे नकोत. काही ठिकाणी ते खरंच चारचौघांना सांगत होते. कुठे कुठे? ते काही त्यांना सांगता येईना. लिहिताना बघून थोडंच लिहिलंय, म्हणाले.

आता आली का पंचाईत. नियम म्हणावा तर नाही, चूक म्हणावी तर तीही नाही. सरांचं ऐकावं तर हात लावायचा नाही, बाईंचं ऐकावं तर सगळं एकसारखं. शेवटी, दुसरं काही सुचेना म्हणून, तिने त्यांना मोठ्याने वाचायला सांगितलं. तीन दुपारी ते वाचत बसले आणि ती ऐकत. दुसऱ्या दुपारी तिच्या ध्यानात आलं, की चारचौघांना सांगताना ते तिच्याकडे बघून वाचत, आणि काही वाक्यांना मात्र खिडकीकडे बघत, आवाज जरा खाली येई. तिथे ती समासात पेन्सिलीने ‘आपण’ लिही. चारदोन ठिकाणी ते ना तिच्याकडे बघत ना खिडकीकडे. तिथे तिने नुसतंच प्रश्नचिन्ह केलं आणि मूळचं होतं ते राहू दिलं.

शेवटचं वाक्य होतं, ‘मग दुकान आम्ही बंद केलं.’ हे त्यांचंच, तिने बदललेलं नव्हतं. ते तिथे थांबले. पुन्हा वाचलं. पुन्हा थांबले.

त्यांना सोपं जावं म्हणून तिने सुचवलं, तो शब्दच काढू या. ‘मग दुकान बंद केलं.’ चालतं की मराठीत, कुणी केलं ते सांगावं लागत नाही.

घड्याळजींनी तिच्या हातातली पेन्सिल मागून घेतली. ‘आम्ही’वर रेघ मारली आणि वर, त्या मोत्यासारख्या अक्षरात, लिहिलं: मी.

“तो आजारी होता तेव्हा,” ते म्हणाले. “न विचारता.” पेन्सिल तिला परत दिली आणि पाणी मागितलं.

बाईंनी पानं दोन दिवस ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी तिला समोर बसवलं. यंत्र चालू होतं, त्यामुळे बाई जोरात बोलत होत्या आणि रागावल्यात की काय, ते कळायला मार्ग नव्हता.

“सत्त्याऐंशी ठिकाणी आपण. बाकी आम्ही. लोक म्हणतील, संपादकाचा डोळा लागला होता.”

“म्हणतील,” वेलांटी म्हणाली.

“यातला कुठला बरोबर आणि कुठला चूक, सांगता येईल तुला?”

“बहुतेकांचं येईल. चारांचं नाही येणार. त्यांनाही नाही आलं.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “पत्रं येतील. ‘आपल्या नामांकित संस्थेकडून ही अपेक्षा नव्हती’ छापाची. त्यांना उत्तरं तू द्यायचीस. मी नाही.”

“पण पत्रं तर पुस्तक आल्यावर येतील,” ती म्हणाली. “तोवर माझे तीन महिने...”

“मग खिडकीजवळच्या टेबलाचा खण साफ करून घे. आधीच्याने त्यात काय काय कोंबलंय देव जाणे.”

तिने खण उपसला. वाळलेला डिंक, एक मोजा, कुणाच्या तरी कवितांचं बाड. ते सगळं पुढ्यात घेऊन ती बराच वेळ बसून राहिली. आनंद झाला होता, पण कशाबद्दल झाला होता ते नीट हाती लागत नव्हतं. तेवढ्यात वडिलांचा फोन आला. तिने सांगितलं, राहिले, कायमची.

ते खूश झाले. मग म्हणाले, पण त्या पुस्तकात तू लिहिलंस काय, शेजारी सांगायला हवं ना.

तिने विचार केला. “काही नाही, बाबा. मी एक शब्द काढायला सांगितला होता. तो त्यांनी नुसता न काढता बदलला.”

“असू दे,” वडील समजुतीच्या सुरात म्हणाले, “पुढच्या वेळी ऐकतील.”