बंद कंपनीतलं एक नाव

युएचूने गुरुवारी सकाळी एका धडधाकट स्कर्टची शिवण स्वतःच्या हाताने उसवली, तो पिशवीत कोंबला आणि शिनच्वांगच्या बाजाराकडे जाणारी बस पकडली. तीस वर्षं तिने लोकांच्या आणि कंपन्यांच्या कुंडल्या मांडल्या होत्या, पण सगळ्या खुर्चीत बसून. कोर्टाचे निकाल, कंपन्यांच्या नोंदी, घरांचे उतारे, असं जे जे तैवानच्या सरकारने चारचौघांना बघायला मोकळं ठेवलंय ते वाचायचं, एकाला एक जुळवायचं आणि अहवाल लिहायचा. ज्याची कुंडली काढली त्याच्या दारात जायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. आज आली, कारण शनिवारी तिच्या भाचीच्या लग्नाची मेजवानी होती आणि नवरामुलगा हात उगारणारा असावा असा तिला दाट संशय होता.

भाचीचं नाव पेइआन. भाऊ-वहिनी अपघातात गेले तेव्हा ही नऊ वर्षांची होती, आणि तेव्हापासून आत्या म्हणजेच आई आणि आत्या म्हणजेच बाप. पण चार वर्षांपूर्वी या आत्यानेच माती खाल्ली. पेइआनचं एका मुलाशी जमलं होतं. युएचूने न सांगता त्याचं नाव शोधलं, दारू पिऊन गाडी ठोकल्याचा निकाल सापडला, आणि तिने तो कागद जेवायच्या टेबलावर आपटला. तो निघाला दक्षिणेकडचा कुणी भलताच माणूस, नाव मात्र तेच. खरा मुलगा अपमान गिळून निघून गेला तो गेलाच. तेव्हा पेइआनने बजावलं होतं, यापुढे माझ्या माणसांना शोधायचं नाही, शोधलंस तर मी तुला मेले. युएचूने शब्द दिला.

शब्द तिने पाळला, म्हणजे आपल्या सोयीने पाळला. आताचा नवरामुलगा यौ हुंगमिन घरी आला, ताइतुंगची सीताफळं घेऊन आला, तिच्यासाठी दार धरून उभा राहिला. तेव्हा वसंतात तिने त्याची नळांची कंपनी तेवढी एकदा बघून घेतली. कंपनी बघितली, माणूस कुठे बघितला, अशी मनाची समजूतही घातली. अध्यक्ष तो, पर्यवेक्षक त्याची आई, डाग एक नाही. कागद छापून तिने खणात ठेवला आणि सुखाने झोपली.

मग गेल्या रविवारी लग्नाच्या मिठाईचे डबे उचलायला दोघी विहिणी गेल्या असता हुंगमिनची आई बोलून गेली, "गेल्या वेळी चौदा टेबलं मांडली होती, ती पुरली नाहीत." गेल्या वेळी कुणाची? हुंगमिन तर एकुलता एक. म्हातारीने जीभ चावली आणि डबे मोजायला लागली.

त्या आठवड्यात तिने दिलेला शब्द गुंडाळून ठेवला. सात वर्षांपूर्वीचा एक निकाल सापडला: आरोपी यौ हुंगमिन, सानचोंग, दुकानावरच्या राहत्या घरात बायकोचं डावं मनगट मोडलं, तीन महिने कैद, दंड भरून सुटका. बाईच्या नावाच्या जागी नुसती वर्तुळं. पण नावाने तिला एकदा तोंडघशी पाडलं होतं. दुधाने तोंड पोळलेलं, आता ताकसुद्धा फुंकून प्यायचं होतं. ती बंद पडलेल्या कंपन्यांकडे वळली. बंद पडलेल्या कंपनीची नोंद मिटत नाही. शेवटच्या दिवशी जी नावं होती ती तशीच राहतात. सानचोंगची एक कंपनी त्याच वर्षी बंद झाली होती. अध्यक्ष हुंगमिन. संचालक एक बाई, आणि ते नाव लग्नपत्रिकेत वराच्या आईचं म्हणून सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. आणि पर्यवेक्षक: खांग शूयिन. कायद्याला पर्यवेक्षक लागतो, म्हणून घरगुती कंपन्यांत तिथे बायकोचं नाव चिकटवतात. ती बिचारी एक कागद बघत नाही. खांग शूयिन या नावावर शिनच्वांगला कपडे दुरुस्तीचं एक दुकान नोंदलेलं होतं.

दुकान म्हणजे एक शिलाईयंत्र आणि मागे पडदा. बाई चाळिशीची, केस आखूड. तिने स्कर्ट उजव्या हाताने उलटला आणि डाव्या कोपराने टेबलावर दाबून धरला. डावा पंजा नीट वळत नव्हता. युएचूने ते बघितलं.

"ही शिवण झिजलेली नाही, कुणीतरी उसवलीय," बाई म्हणाली. "ताकाला येऊन भांडं कशाला लपवताय? त्यानं पाठवलंय तुम्हाला?"

युएचूने नकारार्थी मान हलवली आणि कंपनीचा कागद टेबलावर ठेवला. भाची आहे, परवा मेजवानी आहे, एवढंच कसंबसं सांगितलं. शूयिनने कागद वाचला नाही, नुसता पत्ता बघितला. मग उठून दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं.

"माझं नाव कुठून मिळालं?"

युएचूने सांगितलं. नोंदी उघड्या असतात, नाव घातलं की दुकान दिसतं. सांगता सांगताच तिला कळलं आपण काय सांगतोय ते. तीस वर्षांत हा विचार तिला एकदाही शिवला नव्हता, आणि आता तिला स्वतःची लाज वाटली.

"म्हणजे तुम्हाला सापडले तशी त्यालाही सापडणार," शूयिन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "सात वर्षं मी जत्रेला गेले नाही, फोटो काढला नाही. आणि दुकान स्वतःच्या नावावर घेतलं. काय पण अक्कल."

युएचूने हात जोडल्यासारखे केले. तुमचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही, पोरीला सुद्धा सांगणार नाही, फक्त निकालातला तो हाच आहे का एवढं सांगा. शूयिनने बोलायला नकार दिला. गप्प राहण्याच्या समझोत्यावर तिची सही होती, आणि त्याहून मोठी भीती होती. तिने कापडाची मोठी कात्री उचलली आणि तो कागद उभा, आडवा, बारीक कापून काढला. कुठलाही शिंपी त्या कात्रीला कागद लावत नाही, धार जाते.

तुकडे गोळा करून झाल्यावर ती म्हणाली, "तिचा शिक्का कुठे आहे?"

"कसला शिक्का?"

"सहीच्या जागी उमटवतात तो. माझा त्यानं मेजवानीच्या आधीच मागून घेतला. म्हणाला, आता तू घरची, कंपनीत नाव घालू. शिक्का ज्याच्या खिशात, माणूस त्याच्या खिशात. बँक, भाडेकरार, सगळीकडे मीच असायचे आणि मला पत्ता नसायचा."

युएचूने खणातला कागद आठवून सांगितलं, छे, पर्यवेक्षक त्याची आई आहे. "कधीचं?" शूयिनने विचारलं. तेव्हा युएचूने फोन काढून नळांची कंपनी पुन्हा उघडली. तीस वर्षं ती नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवत आली होती, नोंदीची तारीख आधी बघा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. नोंद बदलून बारा दिवस झाले होते. पर्यवेक्षक: च्येन पेइआन.

ती उठली. ती शटरखालून वाकून बाहेर पडत असताना शूयिन मागून हळूच बोलली. "एक गोष्ट कुठल्याच निकालात नाही. चिडला की तो आधी चॉपस्टिक वाटीवर आडव्या ठेवायचा. अगदी सरळ, आवाज न करता. मग उठायचा."

पेइआन बानछ्याओला चष्म्याच्या दुकानात काम करायची. साडेतीनला दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आत्याचा चेहरा बघूनच तिने ओळखलं.

"पुन्हा शोधलंस."

"शोधलं."

पेइआनने पाकिटातून ओळखपत्र काढलं आणि पालथं करून काचेवर ठेवलं. पाठीमागे नवऱ्याच्या रकान्यात यौ हुंगमिन.

"वीस दिवस झाले लग्नाच्या नोंदणीला. शनिवारी नुसतं जेवण आहे. मला माहीत होतं तू काहीतरी उकरून काढशील, म्हणून नाही सांगितलं. आता बोल, या खेपेला कुठल्या गावचा हुंगमिन पकडून आणलास?"

बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं फुकट गेली. निकाल दाखवला तर पोर म्हणणार, नाव तेच, माणूस दुसरा, आणि तसं म्हणायचा तिला हक्क होता. तो तोच कशावरून, हे सांगायला शूयिनचं नाव लागणार, आणि ते तर ती कापलेल्या कागदाबरोबर ठेवून आली होती. आयुष्यभर पुराव्यावर जगलेल्या बाईच्या हातात आज एक चिटोरं नव्हतं.

"एकच विचारते," ती म्हणाली. "जेवताना त्याचं बिनसलं, तर तो चॉपस्टिक वाटीवर आडव्या ठेवतो का? अगदी सरळ, आवाज न करता?"

पेइआन एक भिंग पुसत होती. तिचा हात थांबला. समोरच्या रस्त्यावरून कचऱ्याची गाडी आपली धून वाजवत गेली.

"मारलं नाही त्यानं अजून," ती म्हणाली.

युएचूने मारण्याचा शब्दही काढला नव्हता. दोघींच्याही ते एकाच वेळी लक्षात आलं. पेइआनने भिंग खाली ठेवलं, पण ते नीट बसेना, दोनदा घसरलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"ते नाही सांगणार. मी तुला मेले तरी नाही. शिक्का कुठाय तुझा?"

"त्याच्या कपाटात." मग भिंगाकडेच बघत, "किल्ली त्याच्याकडेच असते."

युएचूने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. तिला रडायला येत होतं, ते तिने आवरलं. "पावणेचार झालेत. कोपऱ्यावर नवा शिक्का वीस मिनिटांत कोरून देतात. नोंदणी कचेरी पाचपर्यंत उघडी आहे, जुना रद्द झाला म्हणून लिहून देऊ, म्हणजे त्याच्या कपाटातला चालणार नाही. बाकीचं घरी बसून बघू. माझ्या घरी."

पेइआनने आत जाऊन मालकाला काहीतरी सांगितलं आणि अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला लावला. ओळखपत्र तिने पुन्हा पाकिटात घातलं नाही. ते मुठीत धरून ती बाहेर पडली, आणि आत्याला तिच्या मागे जवळजवळ पळावं लागलं.