काजलने हात सोडला नव्हता

जयवंताने ती पिशवी उघडली तेव्हा ती पोरीवरच चिडलेली होती.

दहा दिवसांपूर्वी काजल कॅम्पमध्ये दोरावरून खाली पडली आणि तिच्या उजव्या मनगटाची दोन्ही हाडं मोडली. दवाखान्यात प्लास्टर घालून झाल्यावर नर्सने तिचं घड्याळ, कानातले आणि सुजलेल्या मनगटावरून कापून काढलेली दोरी असं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं होतं. ती पिशवी शिलाई मशीनच्या खणात तशीच पडून होती. आज शुक्रवार होता आणि काजल आजही शाळेत जायला तयार नव्हती.

"नाई जायचं त नको जाऊ," जयवंता खण ओढत म्हणाली, "पण हे घड्याळ घाल हातात. दिवस कसा वाया जाऊन राहिला ते तरी दिसन तुले."

"मले हातसोडी म्हणतात तिथं."

"म्हणतीनच. सोडला हात त म्हणतीनच ना."

काजलने भिंतीकडे तोंड केलं. 'मी हात नाई सोडला' हे ती पहिल्या दिवशी वीस-पंचवीस वेळा तरी म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी चार-पाच वेळा. आता म्हणायचीच नाही.

कॅम्प नरखेडकडच्या एका संत्र्याच्या बागेत होता. बागेतून एक कोरडा नाला जातो. त्याच्या एका काठावरच्या मचाणापासून पलीकडच्या झाडापर्यंत जाड नायलॉनचा दोर उतरता ताणून बांधला होता. त्या दोरावर पॅराकॉर्डचा तीन हात लांब तुकडा टाकायचा, त्याची दोन टोकं दोन मनगटांना गुंडाळून घट्ट धरायची आणि घसरत पलीकडे जायचं. पॅराकॉर्ड म्हणजे करंगळीहून बारीक, रंगीत, विणलेली नायलॉनची दोरी. कॅम्प घेणारे उन्मेष सर प्रत्येक मुलाला इमर्जन्सी किटमध्ये ती देत. तंबू ताणायला, ओले कपडे वाळत घालायला, विहिरीतून बादली ओढायला, बुटाची नाडी तुटली तर ओवायला. एक दोरी, शंभर कामं, असं सर म्हणत.

काजल नाल्याच्या अर्ध्यावर पडली. कोणीतरी काढलेला अकरा सेकंदांचा व्हिडिओ त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर आला. त्यात पोर दोराखालून घसरताना दिसते आणि मग एकदम दगडगोट्यांत. व्हिडिओखाली सरांनी लिहिलं होतं, 'एका मुलीने घाबरून मध्येच हात सोडला. दोरीची क्षमता अडीचशे किलो आहे. सर्व साहित्य तपासलेले आहे. कृपया अफवा पसरवू नयेत.' त्याखाली पन्नासेक नमस्कारांचे हात.

जयवंताने ते वाचलं होतं आणि मानलं होतं. एवढे शिकलेले सर खोटं कशाला लिहितील? दवाखान्यातून आल्या आल्या, ऑटोतून उतरतानाच, गल्लीतल्या सगळ्या बाया ओट्यावर बसलेल्या असताना ती काजलवर ओरडली होती. "चौथीपासून मल्लखांब करते म्हणे दोरीवरचा! एक दोरी धरून ठेवता नाई आली तुले?" समोरच्या भागीरथाबाईंनी तर कान देऊन ऐकलं होतं. काजलचे वडील उमरेडच्या खाणीत डंपरवर. रविवारी आले तेव्हा त्यांनाही तिने तेच सांगितलं.

तिने पिशवी पलंगावर उपडी केली. घड्याळ पडलं, कानातले पडले आणि केशरी दोरीचा तुकडा पडला.

एक टोक कात्रीने सरळ कापलेलं होतं. ते नर्सचं. दुसऱ्या टोकावरून तिने सवयीने अंगठा फिरवला आणि तिचा हात थांबला.

ते टोक तिरपं होतं. एका अंगाने खोलगट, गुळगुळीत, काचेसारखं चकाकणारं. दुसऱ्या अंगाने आतले पांढरे धागे लांब-आखूड तुटलेले. मशीनवर नायलॉनचा धागा फार वेगाने पळवला की सुईपाशी असाच चकाकतो, आणि तुटतो.

जयवंता उमरेडच्या विणकराची मुलगी. तिच्या वडिलांनी एकदा हातमागाच्या पायाने दाबायच्या पट्ट्यांना सुती दोऱ्यांऐवजी नायलॉनच्या बांधल्या होत्या. टिकतील म्हणून. आठ दिवसांत दोन दोऱ्या जिथे एकमेकींवर घासत होत्या तिथेच एक तुटली. वितळून. वडिलांनी मध्ये चामड्याचा तुकडा घातला आणि पोरींना जवळ बोलावून दाखवलं होतं, नायलॉनवर नायलॉन घासू द्यायचा नाही. जी जागा सारखी घासते ती जळते.

हे तिला ठाऊक होतं. तीस वर्षांपासून ठाऊक होतं. आणि दहा दिवस दोरी घरात असून तिने ती पाहिली नव्हती.

"काजल. उठ वं."

"काय आहे?"

"तुह्या आधी किती पोरं गेली त्या दोरावरून?"

"आठ."

"कोणत्या दोरीनं?"

"ह्याच. सर पलीकडून परत फेकत होते इकडं. मंग पुढच्यानं घ्यायची."

जयवंताने तुकडा मुठीत आवळला. काजल अर्धवट उठून तिच्याकडे बघत होती. तिला काहीतरी सांगायला हवं होतं, पण जयवंताच्या तोंडून त्या क्षणी शिवीच निघाली असती, आणि ती कोणाला द्यावी हेही नक्की नव्हतं. ती म्हणाली, "उद्या माह्यासंगं चल."

दुसऱ्या दिवशी, ग्रुपवर कळवल्याप्रमाणे, लकडगंजातल्या एका मंगल कार्यालयात पुढच्या कॅम्पच्या पालकांची सभा होती. रविवारी चाळीस मुलं निघणार होती. तीच बाग, तोच दोर. जयवंता आणि काजल पोहोचल्या तेव्हा उन्मेष सर स्टेजवर होते. पस्तिशीचा उंच माणूस, भरपूर खिशांची पँट, आवाज इतका मऊ की रागवायचीही चोरी. मागच्या लोखंडी कमानीला केशरी पॅराकॉर्ड बांधली होती. तिला एक फळी टांगलेली आणि फळीवर संत्र्यांचे सहा क्रेट, जमिनीपासून वीतभर वर. बागमालक मधुकरराव स्वतः क्रेट घेऊन आले होते.

"एकशे वीस किलो," सर सांगत होते. "वीस मिनिटं झाली. काही झालं का? तुमची मुलं किती किलोची? चाळीस, पंचेचाळीस. बस. मागच्या वेळेनंतर काही पालक घाबरले, म्हणून हे मुद्दाम दाखवतोय. कुणाला काही विचारायचंय?"

टाळ्या थांबायच्या आत जयवंता उभी राहिली.

"मले विचारायचं आहे. ही संत्री जाग्यावर लटकून राहिली. पोरं काय जाग्यावर लटकत होती?"

मागे दोघं-तिघं हसले. सरांनी तिला ओळखलं.

"ताई, तुम्ही काजलच्या आई ना? कशी आहे ती आता?"

"ते तिलेच विचारा. ही काय, इथंच आहे. दोरी काहून तुटली ते सांगा."

"दोरी तुटली नाही, ताई. दवाखान्यात कापली."

"एक टोक दवाखान्यातलं आहे. हे दुसरं?" तिने तुकडा वर धरला. "जळलं आहे हे."

"टोकं आम्हीच जाळतो. लायटरने. नाहीतर धागे सुटतात." त्यांनी टेबलावरच्या किटमधली दोरी काढून पालकांना टोक दाखवलं. "हे बघा. सगळ्यांची अशीच असतात."

काही जणांनी माना डोलावल्या. जयवंताची कानशिलं तापली. "सर, तुमचं टोक गोल आहे, मण्यावानी. हे तिरपं आहे. एका अंगानं खाल्लेलं. जवळून पाहा त खरं!"

"ताई, आवाज नका ना चढवू." पहिल्या रांगेतून एक बाप वळला. शरच्चंद्र नावाचा हा माणूस ग्रुपवर सगळ्यात आधी नमस्कार ठोकायचा. "सरांनी याचं ट्रेनिंग घेतलंय. तुम्ही काय करता?"

"फॉल-पिको."

"मग?"

"मंग काय? म्हणून धागा समजते मले. तुम्हाले समजते का?"

सरांनी हात वर करून दोघांना थांबवलं. "ताई, मी तुमचं दुःख समजतो. पण नीट विचार करा. काजलच्या आधी त्याच दोरीने आठ मुलं गेली. आठ. एकालाही काही झालं नाही. मग दोष दोरीचा कसा?"

"त्याच म्हणजे तोच एक तुकडा?"

"हो."

"आठही पोरं? तोच तुकडा, आणि दोरावर टेकणारी तीच मधली जागा?"

"हो ताई, तेच तर सांगतोय मी."

"तेच त मीही सांगून राहिली, बाप्पा!"

ती स्टेजवर चढली. टेबलावरच्या किटमधली ती दुसरी केशरी दोरी तिने उचलली. "पोराइले मागं घ्या. मधुकरराव, तुम्हीही सरका."

मधुकरराव सरकले. सर म्हणाले, "ताई, हे काय करताय?" पण अडवायला पुढे आले नाहीत. दोरीवर त्यांचा खराच विश्वास होता, आणि हेच जयवंताला सगळ्यात जास्त झोंबत होतं. खोटं बोलणारा माणूस निदान घाबरतो.

क्रेट पेलून धरणाऱ्या दोरीच्या मागून तिने हातातली दोरी घातली, दोन्ही टोकं पुढे घेतली आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी ओढू लागली. एकदा डावा हात, एकदा उजवा.

"हातातली दोरी सरकत राहते. तिची जागा बदलते. तिले काही होत नाई," ती ओढता ओढता म्हणाली. "टांगलेली दोरी एकाच जागी घासली जाते. नाल्यावर तुमचा जाड दोर लांब होता. त्याची जागा दर हातावर नवी. पोरांच्या हातातली दोरी मात्र तिथल्या तिथंच घासत गेली. आठ पोरांनी अर्धी जाळली, नववी माही पोर होती."

जळक्या नायलॉनचा उग्र वास पहिल्या रांगेपर्यंत गेला. शरच्चंद्राने नाकाला रुमाल लावला. काजल खुर्चीवरून उठली आणि मनातल्या मनात मोजू लागली. नऊ. दहा. अकरा.

तेराव्या ओढीला फट् आवाज झाला आणि एकशे वीस किलो संत्री स्टेजवर आदळली. दोन क्रेट फुटले. फळं पायऱ्यांवरून खाली, खुर्च्यांखाली घरंगळत गेली. कोणी उचलली नाहीत.

जयवंताने कमानीला राहिलेलं टोक धरलं. तिरपं, एका अंगाने चकाकणारं. त्याच्या शेजारी तिने काजलचा तुकडा धरला.

उन्मेष सर जवळ आले. त्यांनी दोन्ही टोकं हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. चेहऱ्याचा रंग उतरला. "आठजण..." ते स्वतःशीच म्हणाले. मग, "पुली लावतो. उद्याच्या उद्या. लोखंडी पुली."

"कधी लावायची ते तुमचं तुम्ही पाहा. उद्या एकही पोरगं त्या दोरावर जाणार नाई. आणि माह्या पोरीचं काय?"

"आपण बाजूला बसून बोलू या का?"

"बाजूले काहून? तिले हातसोडी का बाजूले नेऊन केलं होतं तुम्ही?"

सर स्टेजवरून उतरले आणि काजलसमोर जाऊन उभे राहिले. "सॉरी, बेटा. खरंच सॉरी."

"मले नका सांगू, सर," काजल म्हणाली. तिने मान खाली घातली नाही. "जिथं लिहिलं होतं तिथं लिहा."

त्यांनी फोन काढला. जयवंता त्यांच्या खांद्याशी उभी राहून वाचत होती. 'काजलबाबत एक गैरसमज...' एवढं झाल्यावर ती म्हणाली, "गैरसमज नाई. चूक लिहा. कोणाची तेही लिहा."

त्यांनी ओळ पुसली. मिनिटभराने सभागृहातले फोन एकापाठोपाठ एक वाजले. 'काजलने हात सोडला नव्हता. दोरी घासून वितळली आणि तुटली. चूक माझी आहे. उद्याचा कॅम्प रद्द.' शरच्चंद्राने ते वाचलं, फोन खिशात ठेवला आणि पायाशी आलेलं संत्रं बुटाने बाजूला सारलं. या वेळी नमस्कार कोणी पाठवला नाही.

दोघी ऑटोने निघाल्या. जयवंताच्या तळव्यांवर दोरीचे लाल वळ उठले होते. काजल बाहेर बघत होती.

"आता काहून तोंड पाडलं? लिहिलं ना त्यानं?"

"त्यांनी लिहिलं."

"मंग?"

"तू पण तेच म्हणत होती. ते त बाहेरचे होते."

जयवंताने पदराने तोंड पुसलं. वाढलेल्या रहदारीत ऑटो दोनदा थांबला, दोनदा निघाला. "चुकलं माह्यं," ती म्हणाली.

"मले नको सांगू. जिथं ओरडली तिथं सांग."

जयवंताला संताप आला. आईला भर गल्लीत उभं करणार ही! तोंडातून काहीतरी निघणारच होतं, पण थोड्या वेळापूर्वी आपण एका माणसाला सगळ्यांसमोर काय लिहायला लावलं ते तिला आठवलं.

गल्लीत ऊन उतरलं होतं. भागीरथाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या, आणखी तिघी-चौघी आजूबाजूला. ऑटो गेल्यावर काजल घरात शिरली नाही. दारासमोर उभी राहिली.

"काजलनं हात सोडला नव्हता," जयवंता म्हणाली. "दोरी जळाली होती. मी उगाच बोलली तिले."

"काय म्हणून राहिली वं?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"त्या दिवशी याच्याहून मोठा होता आवाज तुहा," काजल म्हणाली.

जयवंताने पोरीकडे पाहिलं. मग ओट्याकडे वळली आणि छातीत हवा भरून घेऊन ओरडली, "माह्या पोरीनं हात सोडला नव्हता! दोरी खराब होती! मी दोरी न पाहताच ओरडली तिच्यावर!"

भागीरथाबाईंच्या हातातली काडी तशीच राहिली. दोन घरं पलीकडे खिडकी उघडली आणि कोणीतरी डोकं बाहेर काढून, काय झालं, असं हातानेच विचारलं.

"त्याइले नाई ऐकू गेलं," काजल म्हणाली.

जयवंता रागाने लालबुंद झाली. आणि त्या खिडकीकडे तोंड करून तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.